सदतीसचा डावा साचा

१

निरोपाच्या दिवशीच कारखान्यात चोरी उघडकीला यावी, हे फौजदारबाईंना मुळीच आवडलं नाही. सकाळपासून त्या कोणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या, आणि आता प्रत्येकाकडे रोखून बघायची पाळी त्यांच्यावरच आली होती.

फौजदारबाई काही खऱ्या फौजदार नव्हेत. बायकांचे बूट करणाऱ्या त्या कारखान्याच्या फाटकावर त्या सुरक्षेच्या प्रमुख होत्या, इतकंच. पण आवाज खणखणीत, हात कायम कमरेवर, आणि समोरचा खोटं बोलू लागला की त्यांची भुवई आपोआप वर जायची. नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण ते चिकटलं होतं घट्ट.

मॅनेजरसाहेबांनी त्यांना नमुना-खोलीत बोलावलं. नव्या बुटाचा पहिला नमुना तयार व्हायचा तो या खोलीत. भिंतीला एक उंच कपाट होतं आणि त्यात ओळीने खुंट्या. प्रत्येक खुंटीवर लाकडी पावलांची एक जोडी. कारखान्यात त्या पावलांना साचे म्हणत. चामडं त्यांच्यावर ताणून बूट बेतायचा. कपाटाची किल्ली शेजारच्या खिळ्यावर असायची, कारण आजवर लाकडी पाय चोरावेत असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सदतीस नंबरच्या खुंटीवर आज उजवा साचा एकटाच लटकत होता.

"जाणाऱ्यांचे कागद द्यायच्या आधी खोलीतली प्रत्येक वस्तू ताडून बघायची, असा वरून हुकूम आहे," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा होता. "संध्याकाळी सुटायच्या आत साचा मिळाला नाही, तर मला पोलिसांत जावं लागेल. खोलीतल्या सगळ्यांचे कागद अडकतील. आणि ज्याने नेला असेल तो चोर म्हणून जाईल. त्याचे हक्काचे पैसे थांबतील, आणि पुढे कधी भरती झालीच, तर परत यायचा हक्कही गेला."

बाईंनी एकच अट घातली. साचा गेलाय एवढंच सगळ्यांना सांगायचं. कुठल्या पायाचा, ते बोलायचं नाही. साहेबांनी मान डोलावली आणि काचेतून पलीकडे बघत राहिले. पलीकडे एक बाई बाकावर बसून आपल्या कपाटातलं सामान पिशवीत भरत होती. साहेबांचा संशय कोणावर आहे, ते बाईंना न सांगताच कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

कारण ती बाई म्हणजे सदतीस होती, आणि या कारखान्यात बाईंचं जिवाभावाचं असं तेवढं एकच माणूस होतं.

२

सदतीसला आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण कारखान्यात ते कोणी वापरलं नाही. तिचा पाय बरोब्बर सदतीस नंबरचा. ना केसभर जास्त, ना केसभर कमी. तोच तिचा धंदा होता. नवा नमुना तयार झाला की तो घालून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि निकाल द्यायचा. "बसतोय," नाहीतर "चावतोय." तिने "चावतोय" म्हटलं की साहेबांनी सही केलेला नमुनासुद्धा बाद व्हायचा. ती खोटं बोललीय असं एकदाही झालं नव्हतं.

नमुना मात्र एकाच पायाचा करत, उजव्या. चामडं वाचावं, वेळ वाचावा म्हणून ही जुनी पद्धत होती. त्यामुळे सदतीस आयुष्यभर अशीच चालली: उजव्या पायात कारखान्याचा नवाकोरा बूट आणि डाव्या पायात घरून आणलेली जुनी चप्पल. टक-फट, टक-फट. आवाज फाटकापर्यंत यायचा, आणि बाईंना तो ऐकला की बरं वाटायचं.

आता मंदी आली होती. दुकानं माल परत पाठवत होती, आजूबाजूच्या कारखान्यांना कुलपं लागत होती. इथे निदान सगळं रीतसर झालं. महिनाभर आधी नोटीस दिली, युनियनला विचारलं, हक्काचे पैसे द्यायचं ठरलं, आणि प्रत्येक कामात जो शेवटी लागला तो आधी जाणार हा नियम पाळला. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. फक्त सदतीसच्या कामात सदतीस एकटीच होती. पहिलीही तीच आणि शेवटचीही तीच. मग कितीही वर्षं झाली असली तरी तिचा नंबर लागणारच होता. बाईंना हे पटत होतं आणि सहन होत नव्हतं.

खोलीतून तिघं जाणार होते: सदतीस, लाकडाचे साचे कोरणारे साचेकाका आणि बुटांना चकाकी आणणारा पॉलिशवाला. एकटे मास्तर राहणार होते. नमुन्याचा बूट शिवणारे हे मास्तर म्हणजे खाली मान घालून बसणारा, विचारलं तरच बोलणारा एकटा माणूस. ते सगळ्यांत जुने, म्हणून वाचले. साहेबांनी बाईंना सांगितलं की जाणाऱ्या तिघांनाच विचारा, राहणाऱ्याला उगाच कशाला त्रास. बाईंनाही तेव्हा ते बरोबर वाटलं.

पॉलिशवाला आधी बाईंच्या खोलीत आला. त्याची पिशवी टम्म फुगलेली होती. ती उलटी करताच आतून ब्रश, चिंध्या आणि मेणाचे डबे पडले, सगळे त्याच्या पदरचे. तो स्वतःचं दुकान टाकणार होता. लाकडाचा पाय घेऊन काय करू, असं तो म्हणाला; त्याला पॉलिश करून बघितलं तर टीप तरी देणार आहे का तो. बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं, आणि त्याला जायला सांगितलं.

साचेकाकांना विचारणं जड गेलं. साचे आता बाहेरून येणार होते, प्लास्टिकचे, म्हणून त्यांचं अख्खं खातंच बंद झालं होतं. बाईंनी त्यांना सरळ न विचारता वळण घेतलं. समजा काका, तुम्हीच एखादा साचा आठवण म्हणून नेला असता, तर कुठला नेला असता?

"सदतीसचा उजवा," काका क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "तो माझ्या हातचा. तिचा पाय मांडीवर घेऊन कोरलाय. बाकी नंबर त्याच्यावरूनच वाढवत नेतात. डावा काय, यंत्राने उजव्यावरून उलटा उतरवलेला. त्याला कोण विचारतो?"

बाईंची भुवई जागची हलली नाही. काका खरं बोलत होते. म्हणजे आठवण हवी असणारा उजवा नेणार, विकायचा असेल तोही उजवाच नेणार, आणि कंपनीवर सूड उगवायचा असेल तर तोसुद्धा उजवाच नेणार. मग डाव्याला हात लावलाच कोणी?

त्या हा विचार करत असतानाच दार उघडलं आणि सदतीस आत आली. बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, काकांना सोडा. साचा मी घेतलाय."

३

बाईंनी दार लावून घेतलं. इतकी वर्षं दुपारचा डबा दोघींनी एका बाकावर खाल्ला होता. नवरा गेला तेव्हा बाईंच्या घरी रात्रभर बसून राहिली होती ती सदतीसच. उद्यापासून त्या बाकावर बाई एकट्याच बसणार होत्या. फाटकावरच्या माणसाला काढत नाहीत. कारखाना रिकामा झाला तरी फाटक राखायला कोणीतरी लागतं. आपली नोकरी टिकली याचा बाईंना एवढा राग कधी आला नव्हता.

"बरं," बाई म्हणाल्या. "घेतलास. कुठला?"

सदतीस गोंधळली. "कुठला म्हणजे? माझा. उजवा."

बाईंनी डोळे मिटून घेतले. खूप हलकं वाटलं त्यांना, आणि त्याच वेळी तिच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. उजवा खुंटीवर लटकतोय, असं त्यांनी तिला सांगितलं तेव्हा ती मटकन बाकावर बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काल साचेकाका कपाटापुढे उभे राहून साच्यांवरून हात फिरवत रडत होते, ते तिने बघितलं होतं. तिला वाटलं, नेला असेल म्हाताऱ्याने. उभा जन्म इथे काढलेल्या माणसाने जाताना चोर ठरून जाऊ नये.

"आणि तू चोर ठरलीस तर?" बाईंनी विचारलं. "पुन्हा भरती झाली तर पहिलं बोलावणं तुला येईल. ते घालवायला निघालीस?"

"मला काय, बोलावलं तरी..." एवढं म्हणून सदतीस थांबली. नजर खाली गेली आणि तिने डावा पाय हळूच मागे ओढून बाकाखाली घेतला.

बाईंनी ते बघितलं. त्यांनी तिला झडतीच्या खोलीत नेलं. बायकांची झडती तिथे व्हायची आणि चपला दाराशी काढायचा नियम होता. सदतीसने चपला काढल्या. बाईंनी डावी उचलली, आणि रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट आज पहिल्यांदा नीट बघितली.

४

डावी चप्पल उजवीपेक्षा रुंद झाली होती. टाच कडेला गेलेली, बोटांच्या खुणा पसरलेल्या. बाईंनी विचारायच्या आधीच सदतीस आपण होऊन बोलू लागली. उजवा पाय बुटांनी जन्मभर सांभाळला. डावा मोकळा राहिला, सगळा भार सोसत राहिला आणि पसरत गेला. आता तो सदतीस राहिला नव्हता. नोकरीला लागताना दोन्ही पाय मोजतात, तसेच परत घेतानाही मोजणार. मग कशाचं बोलावणं नि कशाचं काय. एवढी वर्षं ती हे जिवापाड लपवत आली होती. प्रमाण पाऊल म्हणून पगार घ्यायचा आणि एक पाय खोटा, याची तिला लाज वाटायची.

"कोणाला माहीत आहे हे?"

"कोणालाच नाही," सदतीस म्हणाली. "तुम्हालाही नव्हतं."

"आणि ही चप्पल तुला आवळत नाही?"

मधे फार आवळायची, ती म्हणाली, पण मग चामडं आपोआप सैल पडलं. जुनं झालं की पडतंच.

चामडं आपोआप सैल पडलं नव्हतं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, त्याच रंगाच्या चामड्याचा बोटभर तुकडा जोडला होता. टाके बारीक, दुहेरी, आणि शेवटचा टाका आतल्या आत वळवून घेतलेला. बाईंनी कमरेला लावलेलं आपल्या टॉर्चचं कव्हर चाचपलं. ते फाटलं होतं तेव्हा एकाने शिवून दिलं होतं, आणि शेवटचा टाका असाच वळवलेला होता.

बाई सदतीसला तिथेच बसवून तडक नमुना-खोलीकडे निघाल्या. चालता चालता त्यांना आपली चूक कळली. जाणाऱ्यांनाच दुःख, जाणाऱ्यांनाच राग, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मागे राहणाऱ्याच्या जिवाला काय होत असेल, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. त्या स्वतः सकाळपासून तेच भोगत होत्या.

डावा साचा कोणाला हवा असणार? डावा बूट करणाऱ्याला. साधा सदतीसचा डावा बूट हवा असता, तर मोठ्या दालनात ते ढिगाने पडलेले होते. ज्याला साच्यावर चामड्याच्या पातळ चकत्या चिकटवून तो एका विशिष्ट पायाएवढा करायचा होता, त्यालाच हा लाकडी साचा हवा होता. उजवा बूट तर त्याला सगळ्यांच्या देखत करता आला असता, कारण इथे रोज उजवाच होतो. चोरून करावा लागला तो फक्त डावा.

आणि चामडं ताणल्यावर बूट वाळेपर्यंत साचा आतच राहतो. मग तो पिशवीत नसणार, कपाटात नसणार.

खोलीत वाळवणीची फळी होती. तिच्यावर नमुने भिंतीकडे टोकं करून ठेवलेले, टाचा बाहेर. सकाळी साहेबांनी फळी बघितली होती, बाईंनीही बघितली होती. पण या खोलीत बूट म्हणजे उजवा, ही सवय सगळ्यांच्या डोळ्यांत इतकी मुरलेली की कोणी उचलून पाहिला नाही. अगदी शेवटी दोन तपकिरी बूट शेजारी शेजारी होते. सकाळी बाईंना ते दोन नमुने वाटले होते.

त्यांनी ते फिरवले. ती जोडी होती.

मागून आवाज आला, "बाई, अजून ओला आहे. दाबू नका."

५

मास्तर दारात उभे होते. पळून जायचा किंवा नाकारायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. त्यांनी बाईंच्या हातून डावा बूट घेतला आणि अंगठ्याने शिवण दाबून बघितली, जणू साऱ्या प्रकरणात तेवढीच एक काळजीची गोष्ट होती.

संध्याकाळी जाताना तिला देणार होतो, ते म्हणाले. मग चकत्या सोलून साचा खुंटीवर अडकवणार होतो. आजच कपाट ताडतील हे ठाऊक नव्हतं. चामडं म्हणाल तर कापून उरलेले तुकडे आहेत. एवढं बोलणं त्यांच्या वर्षभराच्या हिशोबाचं झालं होतं.

"तिचा डावा पाय तुम्हाला कसा कळला?"

"आवाजावरून," मास्तर म्हणाले. "माझी मान खालीच असते. मला ती दिसत नाही, ऐकू येते. चप्पल आधी फट वाजायची, मग ओढल्यासारखी वाजायला लागली. तिला दुखत होतं. ती बूट घालून चालायची तेव्हा दाराशी फक्त उजवी चप्पल असायची. डावी तिच्या पायातच. ती सैल करायला हाती मिळावी म्हणून फार थांबावं लागलं."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांना विचारायचं होतं ते चौकशीत बसणारं नव्हतं, तरी त्यांनी विचारलं. इतकी वर्षं तिला काही बोलला का नाहीत?

"काय बोलणार होतो? तुझ्याकडे माझं लक्ष आहे म्हटलं असतं, तर तुझा पाय मला माहीत आहे असंही म्हटल्यासारखं झालं असतं. ती रोज भीत चालली असती. तिची भाकरी त्या पायावर होती." त्यांनी बूट फळीवर ठेवला. "आज तिला काढलं. आता तिचा पाय कितीचा का असेना, कोणाचं काही जात नाही. म्हणून आज करता आलं."

त्या उठल्या, डावा बूट तसाच साच्यासकट उचलला आणि शेजारच्या खोलीत साहेबांसमोर नेऊन टेबलावर ठेवला.

"साचा सापडला. वाळवणीच्या फळीवर होता, बुटात. खोलीबाहेर गेलाच नव्हता. चोरी फाटकातून जाते साहेब, आणि माझ्या फाटकातून काही गेलेलं नाही."

साहेबांनी बूट उलटासुलटा करून बघितला. साच्याच्या कडेने डोकावणाऱ्या चकत्या बघितल्या. डावा बूट कोणी केला, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मग काचेपलीकडे मास्तरांची खाली घातलेली मान त्यांना दिसली. त्यांनी खुर्चीत अंग टाकलं.

"साच्यावर काम चाललं होतं, असं लिहितो," ते म्हणाले. "पण बूट कंपनीच्या चामड्याचा आहे, बाई. नमुना म्हणून तो कंपनीचाच. नियमाने मला तो कोणाला देता येत नाही." जरा थांबून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "बाद झालेला नमुना मात्र कोणीही न्यावा, अशी आपली पद्धत आहे. आणि बाद कोण करतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

६

संध्याकाळी फाटकाशी फार गर्दी झाली. कागद घेऊन माणसं बाहेर पडत होती. कोणी उगाच मोठ्याने हसत होतं, कोणी न बोलता बाईंचा हात दाबत होतं. साचेकाकांना बाईंनी वाकून नमस्कार केला. पॉलिशवाला त्यांचे बूट फुकट चमकवून गेला.

सगळ्यांच्या शेवटी सदतीस आली. बाईंनी तिला बाकावर बसवलं, दोघींच्या डब्याच्या बाकावर, आणि मास्तरांनी साचा काढून दिलेली तपकिरी जोडी तिच्यापुढे ठेवली. कोणी केली, का केली, आणि चामडं आपोआप कसं सैल पडलं, ते थोडक्यात सांगितलं. बाईंना वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिने आधी उजवा घातला, सवयीने. मग डाव्यात पाय घातला, आणि तशीच वाकलेली राहिली.

"इतके दिवस त्यांना माहीत होतं?" तिने खाली बघतच विचारलं.

"होतं."

ती उठली आणि फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेली. टक-टक, टक-टक. दोन्ही पाय सारखे वाजत होते. बाईंनी तिला असं चालताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी वळून बघितलं. नमुना-खोलीच्या खिडकीत मास्तर नव्हते. ते आत आपल्या जागी मान खाली घालून बसले असणार, आणि ऐकत असणार.

वळणावर सदतीस थांबली. बाईंना वाटलं, आता ती जाईल. ती परत फिरली आणि सरळ चालत फाटकाशी येऊन उभी राहिली. चेहरा कामावर असायचा तसा, गंभीर.

"मग?" बाईंनी विचारलं. "बसतोय का चावतोय?"

"चावतोय," सदतीस म्हणाली.

"कुठला?"

"उजवा." तिने बाईंच्या डोळ्यांत बघितलं. "फार चावतोय. मास्तरांना सांगा, जोडी बाद आहे. आणि असं बाद काम करून चालणार नाही म्हणावं. घरी येऊन बघावं लागेल त्यांना."

बाईंची भुवई वर गेली, ती त्यांनी बोटाने खाली केली. "सांगते," त्या म्हणाल्या. "घर तेच ना?"

"तेच. येताना तुम्हीही या. डबा कोणाबरोबर खाणार आहात उद्यापासून?"

ती गेली. टक-टक वळणापलीकडे ऐकू येईनासं होईपर्यंत बाई उभ्या राहिल्या, मग नमुना-खोलीत गेल्या आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला.

"उजवा?" मास्तर उभे राहिले. "उजवा चावणं शक्यच नाही. तो तिच्याच..."

बोलता बोलता ते थांबले. मास्तरांनी अंगातला कामाचा एप्रन काढला, घडी घातली, परत उलगडली, परत घडी घातली. मग आरी आणि दोरा एका फडक्यात गुंडाळून घेतला आणि तिच्या घराचा रस्ता विचारला.

फाटकाशी ते झडतीसाठी थांबले. साच्यावरून सोललेल्या चामड्याच्या पातळ चकत्या त्यांच्या वरच्या खिशातून अर्ध्या बाहेर आल्या होत्या, आणि बाईंना त्या स्वच्छ दिसत होत्या. बाईंनी फाटक उघडलं आणि त्यांना जाऊ दिलं.